आईशेजारचा कोनाडा

पानिंगच्या आईनं मरताना दोनच गोष्टी मागितल्या होत्या. थडग्यात आपल्या शेजारच्या कोनाड्यात नवऱ्याला कधी येऊ द्यायचं नाही, आणि पुढं त्या कोनाड्यात पानिंगनं यायचं. "मला एकटीला झोप लागत नाही, तुला ठाऊक आहे," असं म्हणून तिनं लेकीचा हात धरला आणि तो धरूनच ती गेली. पानिंगनं दोन्ही कबूल केलं. कबूल करायला तिला काही जड गेलं नाही. बापाचं तोंड तिनं नऊ वर्षांची असताना शेवटचं पाहिलं होतं, आणि त्यानंतर आई जाईपर्यंत रोज रात्री ती आईच्या अंथरुणात झोपत आली होती.

बांतायान बेटावर, चर्चच्या मागं समुद्राच्या अंगाला ते सिमेंटचं थडगं आहे. शेजारी शेजारी दोन कोनाडे. एक बंद, त्यावर आईचं, सबिनाचं नाव. दुसरा उघडा, पावसाळ्यात त्यात शेळ्या शिरून बसतात आणि पानिंग त्यांना खडे मारून हाकलते. नवऱ्याची जागा आहे, येईल कधीतरी, असं लोक म्हणायचे. पानिंग म्हणायची, "त्यापेक्षा शेळ्या बऱ्या."

नवरा म्हणजे गाउदेन्सियो, गावाचा गाउदो मास्तर. शाळामास्तर नव्हे, काठीचा मास्तर. वेताची आखूड काठी घेऊन वार कसा करायचा आणि झेलायचा कसा, हे त्याचा आजा शिकवायचा, बाप शिकवायचा आणि तोही शिकवायचा. मुलगा झाला नाही म्हणून त्यानं मुलीच्याच हातात काठी दिली, तेव्हा गावानं नाकं मुरडली होती. पण काठीनं पोट भरत नाही. त्या काळी आगबोटी भरभरून माणसं अमेरिकेला शेतमजुरीला चालली होती. तोही गेला. "तीन वर्षांत येतो," म्हणाला. जाणारे सगळे तीनच वर्षं सांगायचे, कुणी शिकवलं होतं देव जाणे.

दुसऱ्या मोठ्या लढाईपर्यंत अधूनमधून पैसे यायचे, खुशाली यायची. लढाईनंतर एक फोटो आला. पांढरा सूट, चकचकीत बूट आणि मागं मोटार. नंतर बोटीवरच्या एका खलाशानं गावात येऊन सांगितलं की मास्तरांना मी कॅलिफोर्नियात एका बाईबरोबर पाहिलं. सबिना त्या वेळी मासे चिरत होती. ती "बरं" म्हणाली आणि चिरत राहिली. त्या दिवसानंतर तिनं नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं ते थेट मरताना, आणि तेही त्याला दूर ठेवण्यासाठी.

पानिंगनं लग्न केलं नाही. आईला सोडून जाणारं माणूस घरात एक झालं तेवढं पुरे, असं तिचं म्हणणं. मायलेकींनी मासे खारवले, बांबूच्या मांडवावर सुकवले, विकले आणि गुण्यागोविंदानं राहिल्या. बापाचा राग ही त्या घरातली रोजच्या वापरातली वस्तू होती, मिठासारखी.

लढाईला पस्तीस वर्षं होऊन गेल्यावर, देशातला लष्करी कायदा उठला त्या वर्षीच्या उन्हाळ्यात पानिंग अशीच मांडवापाशी मासे उलटत होती. वय साठीच्या पुढं, पाठ थोडी वाकलेली, जीभ मात्र सरळ. तिला दिसलं की रस्त्यानं एक दांडगा गोरा माणूस येतोय, पिकलेल्या दाढीचा, आणि मागं गावातली पोरं "जो! जो!" करत चालली आहेत. कुठलाही गोरा दिसला की इथं तो जोच असतो. त्यानं छातीशी एक कापडी पिशवी धरली होती. तो सरळ तिच्यापाशी आला, वाकला आणि तिचा माशांनी बरबटलेला हात उचलून त्यानं स्वतःच्या कपाळाला लावला. थोरामोठ्यांचा आशीर्वाद घ्यायची ही रीत गोऱ्याला कुणी शिकवली, असं तिच्या मनात आलं.

"नांग पानिंग," तो म्हणाला, ताईला म्हणावं तसं, "मास्तर आले."

तिनं त्याच्या मागं रस्त्यावर पाहिलं. पोरांशिवाय तिथं कोणी नव्हतं.

"कुठायत?"

त्यानं पिशवीतून एक लाकडी डबा काढला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरला. पानिंगनं आपले हात मागं घेतले.

त्याचं नाव हार्लन. मोटारी दुरुस्त करायचा आणि अर्ध्या आयुष्याहून जास्त काळ गाउदो मास्तरांकडं काठी शिकायचा. इथली बिसाया भाषा थोडीफार यायची त्याला, पण ती सगळी आखाड्यातली. त्यामुळं बोलायचा तो हुकूमच सोडायचा; बाकीचं इंग्रजीत सांगायचा आणि शाळेत जाणारी पोरं ते गावाला समजावून द्यायची. पानिंगनं चिडत का होईना त्याला माशाचं सार आणि मक्याच्या कण्या वाढल्या, दारात आलेल्याला उपाशी कसं ठेवणार? त्यानं वाडगा रिकामा केला, पुढं धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "पुन्हा! जोरात!" शेजारणी हसून हसून बेजार झाल्या. पानिंगला हसू आलं नाही. तो आवाज, ते दोन शब्द तोडून म्हणायची तऱ्हा तिनं ऐकलेली होती.

डब्याची गोष्ट तासाभरात गावभर झाली. सगळ्यांत आधी धावला तो नोय तिबो, नोय म्हणजे दादा. ऐंशीला टेकलेला, पण मास्तरांच्या बरोबरीनं त्यांच्या बापाकडं काठी शिकलेला, आणि त्या पिढीतला आता एकटाच उरलेला. त्यानं डबा पाहिला आणि डोक्याला हात लावला.

"जाळला? गाउदोला जाळला? अरे माणूस जाळतात का कुठं? दारातून वाकून शिरायचा रे तो, आणि एवढ्याशा डब्यात मावला?"

"आणायला दुसरा मार्ग नव्हता," हार्लन म्हणाला. "ते म्हणाले, मला घरी ने. बायकोजवळ ठेव."

सगळ्यांनी पानिंगकडं पाहिलं.

"बायकोजवळ जागा नाही," पानिंग म्हणाली. "आहे ती माझी आहे. आईला शब्द दिलाय."

"पानिंग, पोरी, मेलेल्या माणसावर कसला राग?" तिबो म्हणाला.

"राग माझा असता तर गिळला असता, नोय तिबो. हा आईचा आहे. मी फक्त सांभाळतेय."

पाद्रीबाबा आले. नवराबायको देवापुढं एकच असतात म्हणाले. "देवापुढं असू देत, फादर. थडग्यात नाहीत," पानिंगनं सांगितलं आणि त्यांनाही कॉफी दिली. हार्लन बिचारा डबा घेऊन एका कोपऱ्यात बसून होता. तो इतक्या लांबून आला होता आणि त्याच्या डोक्यात हेच नव्हतं की घराचं दार बंदही असू शकतं. शेवटी पानिंगनं डबा ओसरीवरच्या बाकावर ठेवू दिला, उंबऱ्याच्या आत नाही. शेजारणींनी मेणबत्त्या लावल्या आणि नऊ दिवसांची प्रार्थना सुरू केली. पानिंग प्रार्थनेला बसली नाही. पण येणाऱ्यांना कॉफी आणि भाताच्या वड्या तिनंच केल्या. लोकाचार कुणाला सुटलाय?

हार्लन तिबोच्या घरी उतरला होता. तिथं दोघं माडी प्यायचे आणि हातवारे करून बोलायचे. एका दुपारी प्रार्थना आटोपली, माणसं अजून अंगणातच होती, तेव्हा तिबोनं आपली वेताची काठी हार्लनच्या हातात ठेवली.

"चल जो, दाखव. बघू दे गाउदोनं तिकडं काय पेरलंय ते."

हार्लननं डब्याला नमस्कार केला आणि अंगणाच्या मधोमध उभा राहिला. मास्तरांनी शिकवलेला काठीचा पूर्ण फेर तो करणार होता. सुरुवातीपासून, वारावर वार करत, अगदी शेवटपर्यंत. पानिंग मांडवापाशी मासे उलटत राहिली, पाठ करून. काठी हवेत फिरल्याचा आवाज आला आणि तिची पाठ आपोआप वळली.

पहिल्या दोन वारांतच अंगणात कुजबुज सुरू झाली. हार्लन काठी जोरात फिरवायचा, पण दर वाराला त्याचा डावा पाय मागून फरफटत यायचा. एक वार, एक फरफट. मग लोक हसायलाच लागले. तिबोचं तोंड लाल झालं.

"थांब, थांब! हे काय लंगडं बदक! अरे गाउदो उडायचा! त्याचा पाय जमिनीला लागायचा का नाही अशी शंका यायची. तुला हे कुणी शिकवलं?"

हार्लन थांबला. त्याला राग आला नव्हता, नवल वाटलं होतं. "मास्तरांनी. हे मास्तरांचं पाऊल. आमच्याकडं हेच सगळ्यांत अवघड. मी चार वर्षं घासलंय. डावा पाय उचलायचा नाही, ओढायचा."

"ओढायचा? कशासाठी?"

"विचारलं होतं. ते म्हणाले, तुम्ही नका करू. आम्हाला वाटलं, गुपित लपवतायत. म्हणून आम्ही सगळे तेच करतो."

पुन्हा हशा पिकला. हसली नाही ती एकटी पानिंग. तिच्या हातात मासा तसाच राहिला होता. काठीकडं बघू नको, गुडघ्याकडं बघ, काठी खोटं बोलते आणि गुडघा बोलत नाही, हा तिचा पहिला धडा. तो देणारा माणूस तिनं मनातून केव्हाच हाकलला होता, धडा मात्र हाकलता आला नव्हता. बाजारात तराजू धरणाऱ्याची लबाडी तिला खांद्यावरून कळायची. आता तिनं गुडघ्याकडं पाहिलं, आणि तो गुडघा गोऱ्याचा नव्हता.

"पुन्हा कर," ती मांडवापासून म्हणाली.

हार्लननं पुन्हा सुरुवात केली. या वेळी कोणी हसलं नाही, कारण पानिंग हातातला मासा टाकून अंगणात आली होती आणि तिचं तोंड हसण्यासारखं नव्हतं.

"ही दोन बोटं ताठ का?" तिनं विचारलं. काठी धरताना हार्लनची करंगळी आणि शेजारचं बोट वर राहायचं.

"तीन बोटांची पकड. माझे विद्यार्थी सरावाला ती दोन बोटं चिकटपट्टीनं बांधतात."

"आणि इथं थांबलास का? पाचव्या वारानंतर?"

"इथं तीन श्वास घ्यायचे. शत्रूला वाट बघायला लावायची."

पानिंगनं मान हलवली. मासे कापणाऱ्या बाईला बोटाची शीर तुटली की हात कसा दिसतो हे सांगावं लागत नाही. वर्षानुवर्षं उकिडवं बसून शेतात भाजी कापली की गुडघा कुठं जातो, हेही नाही. आणि तीन श्वास! शत्रूबित्रू काही नाही. म्हाताऱ्याला दम लागायचा. छातीत धूळ भरलेली, आणि पोरांपुढं कबूल कसं करायचं म्हणून त्यानं त्याला डावपेच म्हटलं. पांढरा सूट घालून मोटारीपुढं उभा राहिलेला माणूस हा नव्हता. तो फोटो पाहून मायलेकींनी आयुष्यभर दात-ओठ खाल्ले होते, आणि खरा माणूस हा इथं होता, एका परक्या धिप्पाड माणसाच्या अंगात शिरून लंगडत होता. कुणी काही सांगितलं नव्हतं. तिच्या बापाचं सगळं दुखणंखुपणं या भाबड्या माणसांनी विद्या समजून पाठ केलं होतं.

हार्लनच्याही ते हळूहळू ध्यानात येत होतं. त्यानं आपल्या त्या दोन ताठ बोटांकडं पाहिलं आणि ती वाकवून बघितली. "म्हणजे त्यांना दुखत होतं?" त्यानं विचारलं. "आम्ही त्यांना रोज दहादा करून दाखवायला लावायचो."

"पुढं," पानिंग म्हणाली.

फेर संपत आला. शेवटच्या वाराला हार्लन खाली झुकला, काठी कमरेच्याही खाली आणली आणि अगदी सैल, फूल ठेवावं तशी आडवी धरली. बरगडी सताड उघडी. तिबोला राहवलं नाही.

"आता हा वार कुणाला? एवढा बुटका माणूस असतो का? आणि बरगडी उघडी टाकलीस, शेंबडं पोरसुद्धा मारून जाईल की!"

"मारूच द्यायचं असतं," हार्लन म्हणाला. "हाच शेवट. बरगडीवर एक घ्यायचा, दोन पावलं मागं जायचं, आणि मग म्हणायचं."

"काय म्हणायचं?"

हार्लन ताठ उभा राहिला. त्यानं दात विचकले आणि आव्हान दिल्यासारखा ओरडला, तेही बेटाच्या या टोकाच्या हेलात, "मेलो, मेलो! जा आता, इंदाय. आई हाक मारतेय!"

इंदाय म्हणजे इथं कुठलीही लाडकी लहान पोर.

"आमच्या आखाड्यात सगळे असंच ओरडतात," हार्लन समजावून सांगायला लागला. "समोरच्याला खिजवायला. जा बाळे घरी, आई हाक मारतेय, असं. मी विचारलं होतं, इंदाय कोण? ते म्हणाले, समोरची. म्हणजे शत्रू."

लहानपणी रोज सकाळी शाळेआधी बाप पानिंगशी काठी खेळायचा. खेळ संपवायला तो मुद्दाम वाकायचा, काठी तिच्या उंचीला आणून ढिली सोडायचा आणि बरगडी पुढं करायचा. ती जीव खाऊन मारायची. तो "मेलो, मेलो" करत मागं कोलमडायचा, आणि स्वयंपाकघरातून सबिना ओरडायची, "पुरे झालं ते! मुलीची जात आहे ती! जेवायला पाठवा!" मग तो हळूच म्हणायचा, जा आता, इंदाय, आई हाक मारतेय. हे तिनं कुणाला कधी सांगितलं नव्हतं. आईला तर मुळीच नाही. तिला स्वतःलाही हे आठवत असल्याचं ठाऊक नव्हतं.

तिकडं कुठल्या तरी गॅरेजात पन्नास वर्षं तो काठी शिकवत होता, आणि काठीसमोर दरवेळी उभी होती ती नऊ वर्षांची पानिंग. ती मोठी झालीच नव्हती त्याच्याकडं. त्यानं ती वाढवली नाही, वाकायचं सोडलं नाही, गुडघा गेला तरी वाकत राहिला.

तिनं तिबोच्या घरच्या पोरीकडून दुसरी काठी मागून घेतली आणि हार्लनसमोर जाऊन गुडघे टेकले. उभी राहिली असती तर उंची जमली नसती.

"पुन्हा," ती म्हणाली. "शेवटचाच. सावकाश कर."

हार्लन वाकला. डावा पाय ओढला, दोन बोटं ताठ, काठी खाली आली आणि सैल झाली. पानिंगनं त्याच्या बरगडीला काठी लावली. लावली नुसती, मारली नाही. तो दोन पावलं मागं गेला. त्याला ते शब्द म्हणायचे होते, पण आता त्याला त्यांचा अर्थ कळला होता आणि ओरडता येईना. कसेबसे, एखाद्या लेकराला सांगावेत तसे ते त्याच्या तोंडून बाहेर पडले. पानिंगनं काठी जमिनीवर ठेवली आणि सगळ्या गावादेखत हंबरडा फोडला. "ताताय! ताताय गं माझे!" इतक्या वर्षांत त्या घरात बापाला कोणी बाप म्हटलं नव्हतं.

संध्याकाळी डबा घरात आला. पानिंगनं तो स्वतः उचलून उंबऱ्याच्या आत नेला आणि देवाच्या फळीवर ठेवला. मग हार्लनला समोर बसवून तिनं विचारलं, "बाई होती?"

हार्लन खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, पण ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. "होती. थोडी वर्षं. मग निघून गेली. त्यानंतर कोणी नाही. एका खोलीत राहायचे, न्हाव्याच्या दुकानावर."

"म्हणजे आई चुकली नव्हती."

"नाही."

"मग आले का नाहीत? बाई गेल्यावर तरी यायचं!"

"मी तिकीट काढतो म्हटलं होतं. म्हणाले, हात रिकामे आहेत. रिकाम्या हातानं सबिनापुढं कसा उभा राहू? काही जमलं की जातो म्हणायचे. शेवटपर्यंत तेच म्हणत होते."

"हात भरलेले कुणी मागितले होते?" पानिंग फळीकडं बघून ओरडली. "मूर्ख माणसा! कुणी मागितले होते तुझ्याकडं?" आणि पुन्हा रडायला लागली. हार्लनही रडत होता. दोघांना एकमेकांच्या भाषेत सांत्वनाचे शब्द येत नव्हते, म्हणून दोघं नुसतेच रडले.

आता मास्तरांना कोनाडा मिळणार, हे गावानं धरूनच ठेवलं. नवव्या दिवशी सकाळी तिबो गवंड्याला घेऊनच दारात आला.

"चल पानिंग. चुना-सिमेंट सगळं तयार आहे. सबिनाच्या शेजारी ठेवू आणि बंद करून टाकू."

"नाही, नोय तिबो."

"अजून नाही? अगं, काल ऊर बडवून रडलीस ती कोण होती मग?"

"ती मी होते. मी माफ केलं. माझ्यापुरतं सगळं केलं." पानिंगचे डोळे सुजले होते, पण आवाज जागेवर होता. "कोनाडा आईचा आहे."

"तुझ्या आईनं तो फेर पाहिला असता तर विरघळली असती."

"असती कदाचित. पण पाहिला नाही ना तिनं! तिनं काय पाहिलं? चूल पाहिली, मासे पाहिले, आणि रोज रस्ता पाहिला. विरघळायचं तर तिचं तिनं. तिच्या वतीनं मी कशी विरघळू? तिची बाजू घ्यायला आता माझ्याशिवाय कोण आहे?"

तिबो पायरीवर बसला आणि नुसता काठी जमिनीवर आपटत राहिला.

"मग त्याला ठेवायचं कुठं? परत पाठवतेस?"

"पाद्रीबाबांकडून जागा मागून आलेय. भिंतीच्या कडेला, बदामाच्या झाडाखाली."

सगळी वरात तिकडं निघाली. हार्लन डबा घेऊन पुढं, मागं तिबो, गवंडी, शेजारणी. भिंतीपाशी पोचल्यावर गवंड्यानं डबा पाहिला, जागा पाहिली आणि विटा मोजायला लागला. डबा वीतभराचा, त्याच्या हिशोबानं काम अर्ध्या तासाचं. पानिंगनं काठीनं जमिनीवर रेघ ओढून दाखवली. रेघ संपेचना. लांबी माणसाएवढी झाली, मग रुंदी, मग दोन माणसांची रुंदी.

"नांग पानिंग, एवढ्याशा डब्याला एवढं मोठं?"

"त्यांना तेवढंच पुरे. उरलेली माझी."

गवंड्याचा हात थांबला. तिबोनं मान वर केली. त्याला सगळं ठाऊक होतं, सबिना गेली तेव्हा तो त्याच खोलीत होता.

"पानिंग," तो हळू आवाजात म्हणाला, "तू तिला दुसरंही कबूल केलं होतंस."

"माहितेय."

"ती एकटी..."

"माहितेय म्हटलं ना, नोय तिबो!" ती कडाडली. मग म्हणाली, "तिच्याजवळ मी इतकी वर्षं झोपले. त्यांच्याजवळ कोण झोपलं? परमुलखात, न्हाव्याच्या दुकानावर, त्या लंगड्या पायानं? दोघांना पुरेल एवढी मी नाहीये. एकच आहे मी."

डबा ठेवला, प्रार्थना झाली. हार्लननं तिकडून बरोबर आणलेली मास्तरांची काठी डब्याशेजारी ठेवली आणि लहान पोरासारखा हुंदके देत बाजूला झाला. दुपारच्या बोटीनं तो गेला. जाताना पुन्हा वाकून त्यानं तिचा हात कपाळाला लावला. "पुढं शिकवताना तो पाय ओढू नकोस," पानिंगनं त्याला बजावलं, आणि मग स्वतःच म्हणाली, "नाही, राहू दे. ओढ."

सगळे पांगल्यावर ती समुद्राच्या अंगाला, आईच्या थडग्यापाशी गेली. आधी तिनं सवयीनं नावावरची धूळ झग्याच्या टोकानं पुसली, कडेचं गवत उपटलं. उपटायला काही उरलं नाही तेव्हा खाली बसून तिनं त्या गार सिमेंटवर हात ठेवला, झोपताना ठेवायची तसा.

"आई, त्यांना येऊ दिलं नाही गं. तुझा शब्द पाळला."

वारं सुटलं होतं, खाली कुणी तरी होडी ओढत होतं.

"पण आता मीही येणार नाही," ती म्हणाली. "एकटीनं झोपायची सवय कर, आई."